बिनकर्त्याचं वाक्य

ईस्टर उलटला आणि वाइमारेचा ओढा लाल व्हायला लागला. आधी लोकांना वाटलं, वर डोंगरात कुठं दरड कोसळली असेल. पाऊस त्या साली धरूनच होता. पण दरडीचं पाणी दोन-चार दिवसांत निवळतं, हे काही निवळेना. रताळी धुवायला न्यावीत तर धुण्याआधी होती त्याहून मळकट होऊन परत यायची. पोरांचे केस वाळले की त्यांतून माती झडायची. आणि चर्चला जायच्या पांढऱ्या कपड्यांना अशी कळा आली, की बायका म्हणाल्या, आता देवापुढंही मातीतलेच होऊन जायचं.

प्यायचं पाणी मग वरच्या झऱ्यावरून आणावं लागे. एडना शाळेत जायच्या आधी दोन खेपा करायची. काठीच्या दोन टोकांना दोन डबे, आणि पायाखाली बुळबुळीत मुळं. चाळिशी ओलांडलेली बाई. खांद्यावर काठीचा वळ उठला तो दिवसभर पोलक्याला घासत राहायचा. फळ्यावर लिहायला हात वर केला की चुरचुरायचं.

शनिवारी ती आईबरोबर मळ्यावर गेली. मळा डोंगराच्या सोंडेवर. चढण उभी, पण म्हातारी रोडा पुढं आणि एडना मागं, असंच नेहमी. रोडाच्या हातात कोयता, पाठीवर रिकामी टोपली, आणि गालात सुपारी. सोंडेवर पोचल्यावर म्हातारी थांबली ती थांबलीच. एडना तिच्या पाठीवर आदळता आदळता राहिली.

मळ्याच्या मधोमध रस्ता झाला होता. लालभडक, घराएवढा रुंद. यंत्राच्या पट्ट्यांचे दात चिखलात उमटलेले. अळूचे वाफे एका कडेला ढकलून दिलेले, पानं उलटी पडून सडायला लागलेली. कोनफळाच्या आळ्यांवरून तर यंत्र सरळच गेलं होतं. रोडा वाकली, कोयत्याच्या टोकानं माती उकरली आणि चेंगरलेलं एक कोनफळ वर काढलं. त्याचा पांढरा चीक तिच्या बोटांना लागला.

"हे कुणी केलं?"

"कंपनीनं, आई. लाकडं न्यायला रस्ता हवाय त्यांना."

"कंपनीला कुणी सांगितलं इथून जा म्हणून?"

म्हातारीनं सुपारी थुंकली, कोनफळाचा चांगला भाग कापून टोपलीत टाकला आणि दुसरं आळं उकरायला बसली. दोघींनी दुपारपर्यंत चिखलातून जेवढं निघेल तेवढं काढलं. खाली येताना टोपली नेहमीसारखीच जड होती, पण पुढच्या हंगामाचं बियाणं सगळं त्यातच होतं.

सोमवारी शाळेत सहावीच्या वर्गाला एडना इंग्रजीचं व्याकरण शिकवत होती. परीक्षेत दरवर्षी येणारा प्रश्न. 'लोक म्हणतात की खाडीत मगर आली आहे.' हे वाक्य फिरवायचं, म्हणजे 'असं म्हटलं जातं की खाडीत मगर आली आहे.' लोक गेले, म्हणणं राहिलं. मुलांना ही गंमत भारी आवडली. मागच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, "मिस, असं आढळून आलं आहे की बिस्किटं संपवली गेली आहेत." सगळा वर्ग खिदळला. एडनाही हसली.

तास संपता संपता हेडमास्तर क्लेमेंट दाराशी आले. मऊ स्वभावाचा माणूस. बोलताना नेहमी टोपी हातात घेऊन तिचा काठ चुरगळायचा.

"एडना, बुधवारी बैठक आहे. प्रांताच्या गावाहून साहेब येतोय, कंपनीची माणसंही असतील. तो इंग्रजीत वाचणार. आपल्या बोलीत तू सांगायचंस."

"मीच का?"

"तुझ्याइतकं इंग्रजी दुसऱ्या कुणाला येतंय? आणि कॅस्परनंच तुझं नाव सुचवलं."

कॅस्पर तिचा भाऊ, पाठचा. वर्षभरापासून तो कंपनीच्या छावणीवर असे, पायात बूट घाली, आणि गावात आला की सगळ्यांना सिगारेटी वाटी. बहिणीनं सांगितलं तर गावाला कडू गोळी गोड लागेल, असा त्याचा हिशोब असावा.

रात्री जेवताना एडनानं हे नवऱ्याला सांगितलं. पॅटसन मासा सोलत होता. त्याचा हात क्षणभर थांबला.

"नको सांगूस," तो म्हणाला. "डोकं दुखतंय म्हण."

"का?"

"उगीच. भावाभावांत, बहिणीभावांत वैर येतं अशानं."

म्हातारी चुलीपाशी होती. तिकडून म्हणाली, "ती सांगेल. आणि एडना, तो बोलेल तेच सांग हं. तुझ्या मनचं घालू नकोस, त्याचं गाळू नकोस."

पॅटसन अर्धा मासा तसाच ठेवून उठला आणि होडीच्या छपराकडं गेला. त्याचं हल्ली बरंच काही तिथं चाले. ईस्टरच्या सुमाराला त्याच्या होडीला इंजिन आलं होतं, पंधरा घोड्यांचं, निळं. राजधानीतल्या, होनियाराच्या चुलतभावानं दिलं म्हणाला होता. आणि जन्मभर वल्ही मारून खांदे गेलेल्या माणसाला कुणी इंजिन दिलं, तर बायकोनं त्यात काय खोदून विचारायचं?

बुधवारी गाव सभागृहात जमलं. झावळ्यांचं छप्पर, बाजूंनी उघडं. बायका चटयांवर, पुरुष कडेच्या ओंडक्यांवर. पुढं एक टेबल, त्यावर चर्चचाच फुलाफुलांचा कपडा घातलेला. टेबलामागं प्रांताचा साहेब, कंपनीचा एक घामाघूम माणूस, आणि कॅस्पर. साहेब बेटाच्या पलीकडच्या बाजूचा, अंगानं भरलेला, बोलायला गोड. एडनाला त्यानं टेबलाच्या बाजूला उभं केलं आणि सुरुवात केली.

"इट वॉज अग्रीड दॅट..."

वाक्य लांबलचक होतं. मान्य करण्यात आलं की सोंडेवरून रस्ता नेण्यात यावा. मान्य करण्यात आलं की ओढ्याच्या दोन्ही काठची झाडं तोडण्यात यावीत. साहेब थांबला आणि तिच्याकडं पाहून हसला.

एडनानं तोंड उघडलं आणि ती अडली. आमच्या बोलीत क्रियापदाला एकट्यानं चालता येत नाही. त्याच्या पुढं मी, तू, तो, ते, कुणीतरी चालावंच लागतं, अंधारात वाटाड्या चालावा तसं. तिनं जवळचं ते धरलं.

"त्यांनी मान्य केलं की सोंडेवरून रस्ता जाईल. त्यांनी मान्य केलं की ओढ्याकाठची झाडं पडतील."

"त्यांनी म्हणजे कुणी?" पहिल्या चटईवरून रोडा म्हणाली.

बायकांत थोडं हसू झालं. म्हातारीचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता. एडनानं साहेबाला इंग्रजीत विचारलं, "मान्य कुणी केलं, असं विचारतायत."

"ते नोंदलेलं आहे," साहेब गोडीनं म्हणाला. "पुढं जाऊ."

"ते म्हणतात, त्यांनी नोंदलंय," एडनानं सांगितलं.

"हे त्यांनी कोण? पहिलेच का दुसरे?"

आता हसू जोरात झालं. ओंडक्यावरचा एक जण म्हणाला, "मावशी, 'त्यांनी' हे एकाच माणसाचं नाव असेल. होनियाराला राहत असेल." साहेबालाही काय चाललंय ते कळलं. तो हसला नाही. त्यानं आवाज चढवून पुढलं वाक्य वाचलं. असं समजण्यात आलं आहे की या जमिनीच्या वंशातल्या स्त्रियांची काहीही हरकत नाही.

एडनाच्या कानशिलाशी गरम झालं. आमच्याकडं जमीन आईकडून मुलीकडं जाते. सोंडेवरची जमीन रोडाची, रोडानंतर एडनाची, नंतर होनियाराला शिकायला असलेल्या तिच्या दोन्ही मुलींची. त्या वंशातल्या स्त्रिया म्हणजे पहिल्या चटईवर बसलेली ही म्हातारी आणि टेबलाशी उभी असलेली ती स्वतः. तिला कुणी विचारलं होतं? कधी?

"सांग ना," कॅस्पर आपल्या बोलीत हलकेच म्हणाला. "एवढी काय थांबलीस? नुसतं सांगायचंय तुला."

"काय सांगू? ते म्हणतात की आई आणि मी हो म्हणालो. तू ऐकलंस का रे आम्हांला हो म्हणताना?"

"तसं नाहीये ते वाक्य. समजण्यात आलं आहे, इतकंच आहे त्यात."

"कुणी समजलं? माझ्या वाक्यात एक माणूस आण, कॅस्पर. एकाचं नाव दे. मग पुढचं सांगते. नाहीतर मी इथंच उभी आहे."

कंपनीचा माणूस घड्याळाकडं बघायला लागला. साहेब कॅस्परला म्हणाला, दुसरं कुणी नाही का सांगायला? हेडमास्तरांनी टोपीत नजर घातली. कुणी उठलं नाही.

कॅस्परचं तोंड काळंठिक्कर पडलं. लहानपणी हरायला लागला की तो असाच दिसायचा. तो टेबलावर हात टेकून उठला.

"नाव हवंय ना तुला? चारचौघांत हवंय? मग तुझ्या नवऱ्याला विचार. मी कागद पुढं ठेवला, त्यावर वंशाच्या बायकांच्या वतीनं सही कुणी केली, ते तो सांगेल. आणि ते निळं इंजिन कुठून आलं, तेही."

सगळ्या माना एकदम ओंडक्याकडं वळल्या. पॅटसन खाली स्वतःच्या पायांकडं बघत होता. अंगठ्यानं जमिनीत खड्डा करत होता, लहान पोरासारखा.

एडनाला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं. गावातल्या एकेका बाईचा डोळा तिच्या पाठीला टोचत होता. कालपर्यंत त्याच इंजिनाच्या होडीतून ती ऐटीत बाजाराला गेली होती. ती गप्प बसली असती तर सगळं झाकलं गेलं असतं. पण आता मागं फिरायला जागाच नव्हती. ती वळली आणि आईनं सांगितलं होतं तसं, न घालता, न गाळता तिनं गावाला आपल्या बोलीत सांगितलं.

"वंशातल्या बायकांची हरकत नाही, असं पॅटसननं सांगितलं. माझ्या नवऱ्यानं. त्याच्यापुढं कागद कॅस्परनं ठेवला. माझ्या भावानं. आईला कुणी विचारलं नाही. मला कुणी विचारलं नाही. आणि आमची हरकत आहे."

मग तेच तिनं साहेबाला इंग्रजीत सांगितलं, एकेक वाक्य, प्रत्येकाला नावगाव लावून. आणि ती जाऊन आईच्या शेजारी चटईवर बसली.

साहेबानं कागद आवरले. जाता जाता म्हणाला, बैठक झाली असं धरण्यात येईल. ते मात्र आपल्या बोलीत कुणी सांगितलं नाही.

घरी आल्यावर म्हातारीनं चूल पेटवली, एडनानं रताळी सोलली. पॅटसन उंबऱ्याच्या बाहेर पावसात उभा होता. आत ये असं कुणी म्हटलं नाही, तेव्हा तो तिथूनच बोलला.

"मला वाटलं, सगळं ठरूनच गेलंय. कॅस्परनं वाचून दाखवलं, त्यात कुणाचंच नाव नव्हतं. ठरवण्यात आलं आहे, मान्य करण्यात आलं आहे. मला वाटलं, सगळ्या जगानं आधीच ठरवलंय. मी एकट्यानं नाही म्हणून काय होतंय? आणि एकट्यानं हो म्हणूनही काय होतंय?"

"आणि इंजिन?"

"इंजिन हवं होतं मला," तो म्हणाला. "माझे खांदे गेलेत, एडना."

तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून जास्तच राग आला. "खांदे माझेही गेलेत," ती म्हणाली. "पाणी आणून आणून. लाल पाण्यात तुझंच जेवण धुतेय मी." तिनं पोलकं सरकवून काठीचा वळ त्याला दाखवला. त्या रात्री तो होडीच्या छपराखालीच निजला.

सकाळी होडी नव्हती. बायकांनी सांगितलं, पॅटसन उजाडताच निघाला, इंजिन होडीत आडवं घातलेलं, आणि वल्ही मारत. छावणी शेजारच्या खाडीत होती. भूशिराला वळसा घालून जायचं, आणि त्या दिवशी वारा तोंडावर. तो परत आला तो संध्याकाळी. तळहात सोलून निघाले होते, ओठ मिठानं फुटले होते.

"घेतलं त्यांनी?" एडनानं विचारलं.

"नाही घेत म्हणाले. परत घ्यायचा कागदच नसतो म्हणे. हसले. धक्क्यावरची पोरं ओरडली, वल्हेवाला आला, वल्हेवाला आला. मी धक्क्यावर ठेवलं आणि आलो. भिजेल पावसात. भिजू दे."

तिनं खोबऱ्याचं तेल गरम करून त्याच्या हातांना लावलं. तेल लागलं तसा तो विव्हळला. "सोस," ती म्हणाली. पण हात सोडला नाही.

रस्त्याचं काय करायचं, ही कल्पना रोडाची. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ती बायकांना म्हणाली, "माझा मळा नांगरून दिलाय त्यांनी फुकटात. लावणी करायची सोडून मी काय गप्प बसू? कोण कोण वेल देतंय?"

सोमवारी बायका रताळ्याच्या वेलांचे भारे डोक्यावर घेऊन सोंडेवर गेल्या. यंत्राच्या वजनानं माती विटेसारखी घट्ट झाली होती. काठ्या मोडल्या. मग पहारी आणल्या, पुरुषांच्या नारळ सोलायच्या अणकुच्या आणल्या. एकीनं पहार मारायची, दुसरीनं ढेकूळ हातानं फोडायचं, तिसरीनं उंचवटा करून त्यात वेलाचे तुकडे खोचायचे. दुपारपर्यंत सगळ्या तांबड्या झाल्या होत्या, कोण कुणाची ओळखू येईना. पाऊस आला तेव्हा कुणी आडोशाला गेलं नाही. रोडा एका ओंडक्यावर बसून हुकूम सोडत होती. "अगं, ती कबर खणतेस का वाफा? उथळ कर. रताळ्याला श्वास घ्यायला नको?"

एडना शाळा सुटल्यावर यायची. तिसऱ्या दिवशी हेडमास्तर क्लेमेंट धापा टाकत सोंडेवर आले. चिखलात त्यांची एक चप्पल रुतून बसली.

"एडना, वरून कळवण्यात आलंय की शिक्षकांनी अशा गोष्टींपासून लांब राहावं."

"वरून म्हणजे कुठून? ढगातून?"

"तू मला तरी कोड्यात घालू नकोस. बदली होईल तुझी. पार पलीकडच्या टोकाच्या शाळेत."

"करणाऱ्याचं नाव कळलं की मी त्याला जाऊन भेटेन, मास्तर. तोवर ती पहार द्या जरा इकडं."

क्लेमेंटनी पहार तिच्या हातात दिली. मग चप्पल उपसली, आणि जाण्याआधी एका ढेकळावर टाच मारून ते फोडून गेले. बायका हसल्या, पण मनापासून.

यंत्र आलं ते शुक्रवारी. आधी आवाज आला, मग पक्षी उठले, मग झाडांमागून पिवळं तोंड दिसलं. वर चालवणारा, बाजूच्या पायरीवर उभा कॅस्पर. रस्ता संपून जिथं वाफे सुरू झाले होते तिथं यंत्र थांबलं. बायका वाफ्यांत बसल्या. कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. दमल्या होत्या, बसल्या. रोडा सगळ्यांत पुढं, पाय पसरून.

"आई, ऊठ," कॅस्पर म्हणाला.

"माझे गुडघे दुखतात."

"आई, मला कामावरून काढतील."

"मग ये घरी. तुला जेवायला नाही मिळणार का? रताळी लावलीयत."

"ही जमीन माझीही आहे!"

म्हातारीनं मान वर केली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "खायला तुझी आहे. राहायला तुझी आहे. मेलास तर पुरायला तुझी आहे. विकायला नाही. तुझी पोरं त्यांच्या आईच्या जमिनीवर जातील, तिथं त्यांना कुणी हाकलणार नाही. ही एडनाच्या मुलींची. त्यांना आज कोण विचारून आलं? तू गेलास होनियाराला? बसलास त्यांच्यापुढं? मामा आहेस ना तू त्यांचा?"

कॅस्परनं चालवणाऱ्याकडं बघितलं. चालवणारा दुसऱ्या बेटाचा, अनोळखी. त्यानं म्हातारीकडं पाहिलं, तिच्या पसरलेल्या पायांकडं पाहिलं, आणि किल्ली फिरवून यंत्र बंद केलं. त्या शांततेत पानांवरून पडणारं पाणीसुद्धा ऐकू आलं. कॅस्पर पायरीवरून उतरला आणि चिखलातून एकटाच छावणीकडं चालू लागला. बुटांत पाणी शिरून त्यांचा पचपच आवाज येत होता. एडनाला वाटलं हाक मारावी. पण काय म्हणून मारायची ते तिला सुचेना.

कंपनीनं तक्रार केली आणि दोन दिवसांनी पोलीस आला. एकटाच, कंपनीच्या गाडीतून, आणि त्याची त्यालाच लाज वाटत होती. सेल्विन त्याचं नाव. तिशीचा असेल. त्याचं आजोळ आमच्याच खाडीतलं, त्यामुळं निम्म्या बायका त्याच्या मावश्या. त्यानं टोपी काढली, वाफ्यांच्या कडेकडेनं जपून चालत आला आणि एडनाच्या शेजारी उकिडवा बसला.

"टीचर, मला अहवाल द्यायला लागेल. रस्ता अडवलाय, गुन्हा धरतात तो. ज्याचं नाव येईल त्याला कोर्टात यावं लागेल, दंड होईल, कदाचित आतही जावं लागेल."

"बरं."

तो आणखी जवळ सरकला, आवाज खाली आणला. "पण मी काय म्हणतो, मी असं लिहितो की रस्त्यावर लावणी करण्यात आल्याचं आढळून आलं. एवढंच. कुणी केली ते लिहितच नाही. कुणाचं नाव नको न काही नको. तुम्हीच सांगा, इंग्रजीत ते चालतं ना?"

एडना त्याच्याकडं बघत राहिली. पोरगा मनापासून बोलत होता. मावश्यांना वाचवायला निघाला होता. आणि वाक्य व्याकरणात चोख बसत होतं. दहा वर्षं ती मुलांना हेच शिकवत आली होती. क्षणभर तिच्या मनात आलं, काय हरकत आहे? नोकरी राहील. म्हातारीला या वयात होडीतून कोर्टात न्यायला नको. साहेबाच्या वाक्यात ते सगळे लपले, तसं आपणही लपू.

तिनं आईला त्याचं म्हणणं सांगितलं. तिच्याशी खोटं बोलता येत नव्हतं.

रोडानं सगळं ऐकून घेतलं. मग सेल्विनच्या गालावर चिखलाचा हात फिरवला. "गुणाचा आहेस. पण आठवडाभर पाठ मोडून लावणी आम्ही केली, आणि कागदावर म्हणशील कुणीच नाही केली? मग रताळी काय भुतानं लावली? आमचं कष्टाचं काम असं बेवारशी नको करूस. लिही. रोडा. मी लावली."

"आजी, ऐक माझं..."

"लिही म्हणतेय ना."

त्यानं एडनाकडं बघितलं. "एडना," ती म्हणाली. "मी लावली. आणि साधं लिही, सेल्विन. आधी नाव, मग काम."

मग मागच्या वाफ्यातून एक आवाज आला, मग त्याच्या शेजारून. मी. मीपण. माझं राहिलं रे. कुणी पोलक्याला हात पुसत पुढं येई, कुणी बसल्या जागेवरून ओरडे. कुणाला स्वतःच्या नावाची अक्षरं येत नव्हती, ती शेजारणीनं सांगितली. एक जण तर त्या दिवशी माहेरी गेली होती, तिच्या सुनेनं तिचं नाव लिहायला लावलं, म्हणाली, नाहीतर सासूबाई मला घरात घेणार नाहीत. सेल्विनची पानं ओली होत होती, तो त्यांवर वाकून आपल्या पाठीनं पाऊस अडवत होता.

सगळ्यांत शेवटी पॅटसन आला. तो कुठून तरी मागच्या झाडीतून बघत असावा. फडक्यात गुंडाळलेले हात पोटाशी धरून तो सेल्विनपुढं उभा राहिला.

"माझी दोन वाक्यं लिही. आधीच्या कागदावर सही मी केली, बायकांना न विचारता. आणि हा शेवटचा वाफा आहे ना, कडेचा, वाकडा, तो मी लावलाय. काल. एकट्यानं."

"तरीच वाकडा," रोडा म्हणाली.

एडनाला हसू फुटलं आणि डोळेही भरले. तिनं सरकून त्याला शेजारी जागा करून दिली. तो बसला.

समन्स आली, नावानिशी. कंपनीच्या वकिलानं तो अहवाल मोठ्या जोमानं कोर्टापुढं ठेवला आणि तिथंच कंपनीचा पाय अडकला. एका कागदावर या बायकांची काही हरकत नाही, आणि दुसऱ्या कागदावर त्याच बायका, एकेकीच्या नावासकट, रस्त्यात बसलेल्या. न्यायाधीशानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि वकिलाला विचारलं, यातला खरा कुठला? निकाल लागेपर्यंत सोंडेवर यंत्र न्यायचं नाही असा हुकूम झाला. दंड मात्र बायकांना झालाच, आणि एडनाची बदलीही झाली. पलीकडच्या टोकाला ती गेली, आणि शनिवारी वल्ही मारत पॅटसन तिला आणायला जाऊ लागला. निकाल अजून लागायचाय.

पण पहिल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. कोर्टाच्या ओसरीवर सगळ्या बायका चर्चचे कपडे घालून बसल्या होत्या. धुऊनही त्यांचा तांबूसपणा गेला नव्हता. शिपाई दारात आला आणि त्यानं पहिलं नाव पुकारलं. म्हातारीला सगळं गाव एडनाची आई म्हणून, नाहीतर मावशी म्हणून ओळखायचं. तिचं स्वतःचं नाव असं परक्या गावात मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. एडनानं तिला उठवायला हात पुढं केला. रोडानं तो बाजूला सारला, भिंतीला धरून गुडघे सरळ केले, गालातली सुपारी नीट बाजूला घेतली, आणि शिपायानं दुसऱ्यांदा पुकारायच्या आत आपल्या बोलीत म्हणाली,

"ओरडू नको. आले मी."